गावाकडच्या घरात एलईडी लावायचेत, सुरुवात कुठून करू?

बांधावरचा:
मंडळी, आमचं जुनं घर मिरज तालुक्यात, आईबाबा आणि आजी असतात तिकडे, मी पुण्यात. परवा गेलो तर लाइटबिल 130 युनिटच्या आसपास. एसी नाही गीझर नाही, फ्रिज टीव्ही पंखे एवढंच. मग बघितलं तर अजून जुने पिवळे बल्ब चालूच आहेत. ओसरीत 60 चा, दोन खोल्यांत चोकवाल्या ट्यूब, देवघरात आणि बाबांच्या खोलीत रात्रभर झिरोचा बल्ब, मागे खुराड्यात 100 चा. बाबा म्हणतात एलईडी टिकत नाहीत, पावसाळ्यात दोन उडाले. आजीला तो पांढरा उजेड नको, दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं म्हणे. सगळं एकदम बदलू देणार नाहीत, तर आधी काय बदलू?

हिशोबी_काकू:
अरे नुसते वॅट बघू नकोस, दिवा किती तास चालतो ते बघ. समजा माळ्यावर 100 चा बल्ब असला तरी तो महिन्यातून दोनदा लागतो, तो राहू दे तसाच. सगळ्यात आधी ते झिरोचे काढ. नावाला झिरो, खातो 15 वॅट. रात्रीचे दहा तास धरले तर दोन मिळून महिन्याला 9 युनिट! अर्ध्या वॅटचा एलईडी नाइट लॅम्प मिळतो, तो लाव. मग ओसरीतला, पाच तास चालत असेल तर 60 चा महिन्याला 9 युनिट खातो आणि तेवढ्याच उजेडाचा 9 वॅटचा एलईडी दीड युनिटसुद्धा नाही. आणि 100 युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटांना चढा दर लागतो, म्हणजे तुम्ही वाचवाल ते आधी महागातलंच वाचेल.

तारेवरची_कसरत:
वायरिंगचं काम करतो म्हणून सांगतो. एलईडी उडतो तेव्हा आतले दिवे क्वचितच जातात, जातो तो ड्रायव्हर, म्हणजे आतलं छोटं सर्किट. गावाकडे व्होल्टेज वरखाली आणि पावसाळ्यात विजा, त्यात रस्त्यावर ढिगात मिळणारा बिननावाचा बल्ब घेतला तर तो टिकणार कसा. खोक्यावर व्होल्टेजची रेंज आणि सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे व्होल्टेजचा अचानक झटका सोसायची सोय, लिहिलेलं असतं ते वाचा, बीईईचे म्हणजे वीजबचतीचे स्टार बघा. आणि बंद काचेच्या गोळ्यात लावू नका, गरम होऊन लवकर मरतो.
ट्यूबचं म्हणाल तर 40 ची ट्यूब आणि वर जुना चोक दहा-पंधरा वॅट खातो तो वेगळाच. पट्टीसकट काढा आणि 20 वॅटची एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबसारखा लांब पट्टीचा दिवा, लावा, चोक स्टार्टरची कटकटच संपली.

हिशोबी_काकू:
आजींसाठी वॉर्म व्हाइट घे, खोक्यावर 2700 किंवा 3000 के लिहिलेलं असतं. दुकानदार न विचारता 6500 वाला देतो, तोच तो दवाखान्याचा. भावाची काळजी करू नकोस, 2015 ला उजाला योजना आली आणि सरकारने घाऊक खरेदी सुरू केली तेव्हापासून भाव बरेच उतरलेत.

बांधावरचा:
झिरोचा 15 वॅट खातो हे माहीतच नव्हतं!! बाबांना दाखवतो हा हिशोब. दोन शंका, खुराड्यातला पण बदलू का? आणि माजघरात एकच एलईडी आहे तो बटण बंद केलं तरी रात्री मिणमिणतो, आजी घाबरते.

तारेवरची_कसरत:
खुराड्यात पिल्लं असतील तर तो बल्ब उजेडासाठी नाही, उबेसाठी आहे. तिथे एलईडी लावलात तर थंडीत पिल्लं गारठतील, त्याला हात लावू नका.
मिणमिणण्याचं, बटणावर लाल इंडिकेटर आहे का बघा. त्यातून बारीक करंट जातो, तेवढ्यावर एलईडी जरासा पेटतो, पिवळ्या बल्बला ते कळायचंही नाही. इंडिकेटर नसेल तर बहुतेक बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलंय, जुन्या घरांत हे फार सापडतं. ते मात्र अंगावर काढू नका, बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज असतो, बल्ब बदलताना शॉक बसेल. वायरमन बोलवून तेवढी वायर सरळ करून घ्या, तोपर्यंत बल्ब काढायचा तर मेन बंद करूनच.

पंखाप्रेमी:
दिवे झाले की पंखे बघा, जुना पंखा 75 वॅट आणि बीएलडीसी मोटरचा, म्हणजे कमी वीज खाणारा नवा पंखा तीसेक वॅट, उन्हाळ्यात तर दिवसरात्र चालतात.