उडाल तेवढाच पगार

‘लाखांनी पगार घेणाऱ्या वैमानिकांनी कुरकुर कशाला करायची?’ असं विचारतात, ते काही पटत नाही. विस्तारा या विमान कंपनीचंच घ्या. एअर इंडियात विलीन होताना वैमानिकांपुढे नवा करार आला. आधी महिन्याला ७० तास उड्डाणाचा पगार पक्का होता, तो ४० तासांवर आला. पुढचं उडाल तसं. घराचे हप्ते मात्र उडा न उडा, तेवढेच! मग एप्रिल २०२४च्या सुमारास वैमानिक एकामागून एक ‘आजारी’ पडले आणि विमानं रद्द होत गेली.

‘नाही पटत तर जा दुसरीकडे’ म्हणणंही सोपं आहे. ए३२० जातीचं विमान चालवणाऱ्याला इंडिगोत नवं विमान शिकावं लागत नाही, हे खरं. पण डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) २०१७च्या नियमानुसार कॅप्टनला एक वर्ष आणि सहवैमानिकाला सहा महिने आधी नोटीस द्यावी लागते. (आयटीवाले तीन महिन्यांनाच रडतात.) २०२३मध्ये अकासा या विमान कंपनीचे ४३ वैमानिक ती न पाळता गेले, तर कंपनी थेट मुंबई उच्च न्यायालयात.

प्रवाशांचे हाल झाले, ते वाईटच. पण खापर एकट्या वैमानिकांवर नको. रोस्टर (वैमानिकांच्या ड्युटीचं वेळापत्रक) फार ताणलं होतं, हे विस्ताराच्या प्रमुखांनीच नंतर कबूल केलं.