मदत हवी आहे: विणलेली शाल उलगडतच नाही, अकरा दिवस उरलेत

सोनचाफा_पुणे
सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन अकरा दिवसांवर आलंय. त्यांच्यासाठी जाळीची त्रिकोणी शाल विणली, मानेपासून सुरू करून खाली वाढवत नेलेली. काल रात्री टाके बंद केले, सुईवरून उतरवली, तर पिळून ठेवलेल्या पंच्यासारखी दिसतेय. जाळीतली पानं कळतच नाहीत, सगळं आक्रसून एकात एक गेलंय. फोटोतली शाल कोपरापर्यंत उतरते, माझी जेमतेम खांदे झाकते. ओळ एकही चुकलेली नाही, प्रत्येक ओळीला टाके मोजलेत. दोन महिने रोज रात्री बसून विणलीय हो. इस्त्री फिरवू का? लवकर सांगा. (ह्यांच्यासाठी टोपी केली तीही डोक्यात जात नाहीये, पण ते नंतर बघू.)

दोनसुया
लोकर कोणती? सुई किती नंबरची? पॅटर्न कुठला? फोटो टाका, त्याशिवाय काय सांगणार?

सोनचाफा_पुणे
लोकर साधीच, तुळशीबागेतून आणलेली. सुई पॅटर्नमध्ये दिलीय तीच. फोटो चढत नाहीये. इस्त्री करू की नको, तेवढं सांगा ना.

मोगरा_२२
नको!! माझ्या बहिणीने मुलाच्या स्वेटरवर गरम इस्त्री टेकवली. बाही चपटी, चकचकीत झाली आणि कडक पडली ती पडलीच. स्वेटर टाकून द्यावा लागला.

जुनीपेठ
सोनचाफा, घाबरू नका. जाळीचं काम सुईवरून उतरल्यावर असंच दिसतं, ती शाल अजून पूर्ण झालेली नाही. कोमट पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढा. मग गादीवर चादर घाला, शाल चारी बाजूंनी ताणा आणि टाचण्या लावून टाका. टाचण्या न गंजणाऱ्या घ्या, नाहीतर तांबडे डाग पडतील. या हवेत रात्रीतून वाळते. मी तीस वर्षं हेच करतेय, पानन्‌पान उघडतं.

दोनसुया
जुनीपेठ, हे मेंढीच्या लोकरीला लागू. त्यांनी आणलेली लोकर कशाची आहे तेच अजून कळलेलं नाही. आपल्याकडे दुकानात विणायच्या प्रत्येक धाग्याला लोकरच म्हणतात, त्यातली बरीचशी अ‍ॅक्रिलिक असते. अ‍ॅक्रिलिक ओलं करून ताणलं तर टाचण्या काढल्यावर परत आक्रसतं.

जुनीपेठ
अ‍ॅक्रिलिकची जाळी विणायचीच कशाला? आजींना द्यायची वस्तू आहे, चांगली लोकर घ्यावी.

मोगरा_२२
असं कसं म्हणता? अ‍ॅक्रिलिक मशीनमध्ये धुता येतं, कसर लागत नाही, टोचत नाही. माझ्या आईला खरी लोकर लावली की मानेवर पुरळ येतं. ऐंशीच्या पुढच्या बाईची शाल हाताने कोण धुणार?

जुनीपेठ
धुणारे धुतात.

सह्यवाटा
खरी शाल पश्मिन्याची. अंगठीतून आरपार जाते. सहस्रचंद्रदर्शनाला तीच द्या, लक्ष्मी रोडला मिळेल.

दोनसुया
पश्मिना मागावर विणतात, सुयांवर नाही. सुयांवर विणलेल्या आणि अंगठीतून जाणाऱ्या शाली म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या आणि रशियातल्या ओरेनबुर्गच्या. तिथल्या बायकासुद्धा शाल धुऊन चौकटीवर ताणून वाळवतात, तेव्हा कुठे जाळी दिसते. आणि यांनी दोन महिने हाताने विणलीय, विकतची घ्या काय सांगता?

क्रोशावाली
क्रोशाने केली असती तर आठवड्यात झाली असती. अजूनही अकरा दिवस आहेत. मी पंख्यांचा नमुना पाठवू का?

आबा_नारायणपेठ
सहस्रचंद्रदर्शन नक्की कधी आहे? अनेक जण ८० पूर्ण झाली की लगेच करतात, ते गणितात बसत नाही. ८० वर्षांच्या पौर्णिमा ९६०, अधिक महिन्यांच्या साधारण २९-३०. हजार भरायला पुढचे दहा-अकरा महिने लागतात. म्हणजे एक्याऐंशीवं वर्ष संपता संपता.

सोनचाफा_पुणे
काका, तारीख गुरुजींनी काढलीय, हॉल घेतलाय.
जुनीपेठ, काल रात्री तुम्ही सांगितलं तसं भिजवून गादीवर ताणली. आम्ही दोघं दिवाणखान्यात खाली झोपलो. सकाळी टाचण्या काढल्या तेव्हा सुरेख दिसत होती, दुपारपर्यंत परत आक्रसून पहिल्यासारखी झाली. आता मला रडू येतंय.

दोनसुया
उरलेल्या धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून बेसिनवर पेटवा. जळक्या केसांचा वास येऊन राख चुरली तर लोकर. वितळून काळा कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक.

सोनचाफा_पुणे
मणी झाला. नखाने फुटतही नाही. दुकानात "मऊ लोकर द्या" म्हटलं होतं, त्यांनी मऊ दिली.

अंतरपाट
आधीपासून वाचतोय. (माझी आई विणायची, मी तिच्याकडून टोप्या शिकलो, दर वर्षी मित्रांना देतो.) टोपीचं कोणी विचारलंच नाही. सोनचाफाताई, टोपीला टाके किती घातले आणि घेर किती भरला?

सोनचाफा_पुणे
९० टाके. घेर ५० सेंटिमीटर यायला हवा होता, ४१ आला. पण मला शालीची घाई आहे.

अंतरपाट
शालीचंच उत्तर त्यात आहे. ९० टाक्यांत ५० म्हणजे पॅटर्नवालीचे १० सेंटिमीटरला १८ टाके. तुमचे २२ बसतात. दोन्ही पॅटर्न अमेरिकन आहेत का? आणि सुई "८ नंबर" म्हणून आणली का?

सोनचाफा_पुणे
हो! दोन्ही एकाच अमेरिकन साइटवरचे. दोन्हीला ८ नंबर लिहिलंय, मी ८ नंबरच आणली. शालीला वायरची (दोन टोकं वायरने जोडलेली), टोपीला सरळ.

अंतरपाट
सापडलं. आपल्याकडे जुने इंग्लिश नंबर चालतात, त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत उलटं. त्यांची ८ म्हणजे ५ मिलिमीटर, ती आपली ६. आपली ८ म्हणजे ४ मिलिमीटर. फक्त ७ नंबर दोन्हीकडे सारखा, साडेचार. नंबर बघूच नका, पाकिटावर मिलिमीटर छापलेले असतात ते बघा. तुमच्या विणण्यात काहीही चूक नाही, दोन महिने बारीक सुईवर विणलं एवढंच.

जुनीपेठ
हे मलाही माहीत नव्हतं. मी कायम मराठी पुस्तकातूनच विणलं. सोनचाफा, माझ्यामुळे तुमची रात्र वाया गेली, माफ करा. एक विचारते, टाके बंद करताना धागा ओढून घट्ट केलेत का?

सोनचाफा_पुणे
हो, कड नीट दिसावी म्हणून.

जुनीपेठ
मग खालची कडच शालीला आवळून धरतेय. जाळीची कड ढिलीच बंद करायची, शक्यतो दोन नंबर जाड सुईने. उसवा ती. शेवटच्या टाक्याची गाठ सोडलीत की एका ओढीत येते. अडीचशेच्या आसपास टाके असतील, बारीक सुईवर उचला, एकही गळू देऊ नका. मग आपली ६ नंबरची वायरची सुई घेऊन बारा-चौदा ओळी आणखी विणा, तेवढीच रुंदी वाढेल. धागा उरलाय ना?

सोनचाफा_पुणे
दीड गुंडा आहे.

दोनसुया
पुरेल. आता ताणायचं. अ‍ॅक्रिलिकला पाणी नाही, वाफ लागते. टाचण्या लावा, वाफेची इस्त्री बोटभर वर धरा, टेकवू नका, एकेका भागावर पाच-सहा सेकंद. पूर्ण गार झाल्याशिवाय टाचण्या काढायच्या नाहीत. पण हे एकदाच होतं आणि परत फिरत नाही. धागा मऊ पडून लोळतो, त्याचा ताण जातो. म्हणून आधी तळहाताएवढा तुकडा विणून त्यावर करून बघा.

मोगरा_२२
म्हणजे शेवटी इस्त्रीच.

दोनसुया
वाफ, मोगरा. इस्त्री नाही.

क्रोशावाली
कडेला क्रोशाने पंखे घातले तर शोभेल. माझा नमुना अजूनही आहे.

आबा_नारायणपेठ
अवांतर: आमच्या आईने माझ्या मुलीसाठी विणलेली कुंची ४० वर्षं झाली, अजून मऊ आहे. ती कशाची असेल? जाळून बघायची इच्छा नाही.

अंतरपाट
आबा, आतल्या शिवणीतून सुटलेली दोन तंतूंची शेपटी पुरते, कुंचीला काही होत नाही.
सोनचाफाताई, टोपी उसवू नका. सहा महिन्यांच्या बाळाचं डोकं साधारण ४३ भरतं, ४१ ची ताणून छान बसते. घरात कुणी आहे का?

सोनचाफा_पुणे
नणंदेची नात आहे, साडेपाच महिन्यांची!! ती येतेच आहे कार्यक्रमाला.

सोनचाफा_पुणे
सात दिवसांनी लिहितेय. कड उसवली. टाके उचलताना तीन गळले, क्रोशाच्या सुईने वर आणले (क्रोशावाली, तुमची आठवण काढली). ६ नंबरवर चौदा ओळी विणल्या आणि कड इतकी ढिली बंद केली की आधी भीतीच वाटली. तुकड्यावर वाफ देऊन बघितली, मग काल शालीला दिली. वाफ लागली तशी पानं एकेक करून उघडत गेली, हे तर स्वयंपाकघरातून चहा घेऊन आले आणि कप हातात धरून तिथेच उभे राहिले. आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११८ होती, आता १३८ भरली. फोटोतली १६० आहे, पण सासूबाई लहानखुऱ्या आहेत, कोपरापर्यंत येईल. आज दिवसभर टाचण्या काढून ठेवलीय, आक्रसली नाही.
ह्यांच्यासाठी ६ नंबरवर नवीन टोपी घातलीय. ९० टाके, दहा ओळींनंतर घेर मोजला, ४९.

जुनीपेठ
शाल घडी घालून ठेवू नका, सुती साडीत गुंडाळी करा. घडीची रेघ वाफेच्या जाळीवर बसली की सहज निघत नाही.

आबा_नारायणपेठ
शेपटी जाळली. केसांचा वास आला.