छोट्या प्रायव्हेट कॉलेजातल्या पोरांबद्दल जे बोलतात ते खरं असतं का?

पेडणेकरीण:
नमस्कार मंडळी, प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीसाठी आहे. तिची बारावी झाली, जिथे हवं होतं तिथल्या यादीत नाव थोडक्यात हुकलं आणि आता गोव्यात म्हापशाच्या बाजूला एका छोट्या प्रायव्हेट कॉलेजात बीकॉमला अ‍ॅडमिशन मिळतेय. विनाअनुदानित आहे, फी आमच्या मानाने भरपूर, पण मी मोपाला विमानतळावर कामाला लागल्यापासून घरात दोन पगार येतात, तेव्हा ते जमवू आम्ही. काळजी वेगळीच आहे. अ‍ॅडमिशनचं कळल्यापासून जो तो येऊन सांगतोय की तिथे कोण जातं माहिती आहे ना, मार्क नसलेली आणि बापाकडे पैसे असलेली पोरं. शिवाय बार्देशची, म्हणजे म्हापशाच्याच तालुक्यातली, पोरं इंग्लिश सोडून बोलत नाहीत, पेडणे-सत्तरी तालुक्यांतली मागच्या बाकावर गप्प बसतात आणि सुटलं की पळतात, महाराष्ट्रातून येणारी फक्त रट्टा मारतात, आणि बाकी सगळे सुशेगाद, म्हणजे आरामात. आमच्या मामाच्या मुलाने तर तिच्यासमोरच सांगितलं की तू तिथे कुठल्या ग्रुपमध्ये बसशील ते आत्ताच ठरलेलं आहे. तेव्हापासून ती जेवताना पण नीट बोलत नाही. अशा लहान कॉलेजात शिकलेलं कोणी असेल तर प्लीज खरं काय ते सांगा, गोड सांगू नका.

वाळपईकर:
ताई, मी अशाच एका कॉलेजात तीन वर्षं काढली, बीकॉमच, माझ्या वर्गात अडतीस जण होते. तुमच्या यादीतला 'सत्तरीची पोरं सुटलं की पळतात' हा मीच. शंभर टक्के खरं आहे, आम्ही पळायचो. पण का पळायचो ते कोणी विचारलं नाही. म्हापशाहून साखळी, साखळीहून वाळपई आणि वाळपईहून गावात जाणारी शेवटची बस साडेसहाची. म्हापशाची साडेचारची गाडी चुकली की पुढचं सगळंच चुकलं, मग वाळपईला उतरून बाबांना फोन करायचा आणि ते दिवसभर बागायतीत राबून आलेले असताना स्कूटर घेऊन अंधारात दहा किलोमीटर यायचे. म्हणून शेवटच्या लेक्चरला मॅडम फळ्याकडे वळल्या की सव्वाचारला आम्हा तिघांच्या बॅगांच्या चेन एकदम वाजायच्या, आणि अख्खा वर्ग मागे वळून बघायचा. तो आवाज मला अजून आठवतो. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, त्या दिवशी तर गाडीत पाय ठेवायला जागा नसायची म्हणून आणखी दहा मिनिटं आधी निघायचो.

यूथ फेस्टिव्हलची प्रॅक्टिस चारनंतर, एनएसएसची मीटिंग चारनंतर, सगळंच चारनंतर. पहिलं वर्षभर आमच्यावर शिक्का बसला की यांना कशातच इंटरेस्ट नाही. मी आमच्या गावच्या भजनात सातवीपासून पखवाज वाजवतो, कला अकादमीच्या भजनी स्पर्धेत वाजवलाय, पण कॉलेजात हे कोणाला माहीत नव्हतं कारण कळायला थांबावं लागतं. दुसऱ्या वर्षी एक नवीन सर आले, त्यांनी प्रॅक्टिस सकाळी सव्वाआठला ठेवली, आणि सगळ्यात आधी कोण हजर, तर आम्ही तिघं, कारण आमची गाडी आठला दहा कमी असतानाच स्टँडवर लागायची आणि लेक्चर सुरू होईपर्यंत आम्ही तिथेच बसून असायचो. त्या वर्षी फुगडीच्या आणि समूहगीताच्या दोन्ही टीममध्ये आमच्या भागातली पोरं होती. बहिणीला सांगा, पहिल्याच आठवड्यात बसचं टाइमटेबल घेऊन सरांना जाऊन भेट. लाजू नको. आम्ही लाजलो म्हणून एक वर्ष गेलं.

शिवोलीहून:
मी सध्या तिसऱ्या वर्षाला आहे, अशाच कॉलेजात, त्यामुळे ताजं सांगू शकते. 'बार्देशच्या मुली इंग्लिश सोडून बोलत नाहीत, भाव खातात' हे मी पण मानून बसले होते. माझ्या बाजूला समुद्राकडच्या गावातली एक ख्रिश्चन मुलगी बसायची, सहा महिने आमचं हाय-बायच्या पुढे गेलं नाही. एक दिवस नोटीस बोर्डसमोर तिने मला हळूच विचारलं, हे काय लिहिलंय वाचून दाखवशील? नोटीस कोंकणीत होती, देवनागरीत. तिच्या घरी सकाळ-संध्याकाळ कोंकणीच बोलतात, पण वाचायची ती रोमी लिपीत, म्हणजे इंग्लिश अक्षरांत, चर्चची पुस्तकं, तियात्राच्या म्हणजे कोंकणी नाटकांच्या जाहिराती, सगळं रोमीत. शाळा इंग्लिश मीडियम, देवनागरीशी संबंध आला तो फक्त हिंदीपुरता आणि तो पण आठवीत सुटला. वर्गात कोंकणी बोलली की आम्ही हिंदू मुली तिच्या उच्चारांना हसायचो (मी पण हसले आहे, आता फार वाईट वाटतं), म्हणून तिने इंग्लिश धरून ठेवलं. आमच्या घरी मराठी पेपर येतो, मराठी नाटकं होतात, माझी कोंकणी तिच्यापेक्षा कच्ची आहे. आता ती मला रोमी वाचायला शिकवते आणि मी तिला जोडाक्षरं.

इथे एवढंच म्हणेन की आमच्या वर्गात चाळीस जण आहेत, एका प्रोजेक्टला सहा जण लागतात, मग आपल्याच गावच्या मैत्रिणींना धरून बसणं जमतच नाही. दुसऱ्या वर्षापर्यंत सगळे सगळ्यांबरोबर काम करून मोकळे झालेले असतात. मोठ्या कॉलेजातल्या माझ्या चुलत बहिणीचा ग्रुप मात्र पहिल्या दिवसापासून तोच आहे.

बांदा_ते_गोवा:
वरच्या दोघांचं बरोबर असेल, पण ताईंनी गोड नको म्हटलंय म्हणून माझं पण लिहितो. मी महाराष्ट्रातल्या बांद्याहून रोज पत्रादेवीची हद्द ओलांडून यायचो. पहिल्या दिवशी हजेरी झाली, सरांनी गाव विचारलं, मी सांगितलं आणि मागून आवाज आला, घाटी. बांदा घाटावर नाही हो, घाटाच्या खाली आहे, आंबोली आमच्या डोक्यावर. आणि पेडणे तालुका तर अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत सावंतवाडीकरांकडेच होता, माझी आत्या पेडण्याला दिलेली, भाषा तीच, देव तेच, जेवणात माशाची कढी तीच. हे सगळं मी त्या पोरांना समजावून सांगायचो, पण त्याने काही झालं नाही. तीन वर्षं तेच नाव राहिलं.

लहान कॉलेजात सगळे एकमेकांना ओळखतात हे खरं, पण नाव पडलं तर ते पण सगळ्यांना माहीत होतं, कँटीनवाल्यापर्यंत. मोठ्या कॉलेजात मला माझ्यासारखी आणखी वीस पोरं मिळाली असती. आणि हो, मी रट्टा मारायचो. कारण बाहेरच्या राज्यातला म्हणून मला इकडच्या सवलती नव्हत्या, नापास झालो असतो तर घरी बसावं लागलं असतं. तिसऱ्या वर्षी दोन मित्र झाले, चांगले झाले, ते चतुर्थीला माझ्या घरी येतात. पण दोनच. तुमच्या बहिणीला कोणी नाव ठेवलं तर हसण्यावारी नेऊ नका, त्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना सांगा.

फळा_आणि_खडू:
मी असल्याच कॉलेजात बरीच वर्षं शिकवते, कॉलेजचं नाव घेत नाही. बांद्याच्या दादाचं वाचून वाईट वाटलं कारण असं आमच्या वर्गात पण होतं आणि दर वेळी आमच्यापर्यंत पोचत नाही. 

पैशेवाल्यांचं म्हणाल तर थोडी आहेत तशी, गाडी घेऊन येतात, सगळ्यांना दिसतात. पण जून महिन्यात माझ्यासमोर फी भरायला येणारे बहुतेक पालक हप्ते पाडून द्या म्हणणारे असतात. सोसायटीचं कर्ज काढलेले, सोनं गहाण ठेवलेले. एका आईने मासळी विकून आलेले पैसे प्लास्टिकच्या पिशवीतून काढून टेबलावर मोजले होते, नोटा ओलसर होत्या, ऑफिसच्या क्लार्कने त्या एकेक करून पंख्याखाली वहीच्या पानांत ठेवल्या. बाइक पण ज्यांच्या गावात बस नाही तीच पोरं जास्त आणतात. मार्कांचं मात्र बऱ्यापैकी खरं आहे, आमच्याकडे कमी टक्क्यांची मुलं येतात. पण डिग्री गोवा विद्यापीठाचीच, आयएसए (सेमिस्टरमधल्या चाचण्या) आणि एसईई (सेमिस्टरअखेरची परीक्षा) दोन्ही द्याव्याच लागतात, ७५ टक्के हजेरी लागते, इथे कोणाला फुकट पास करत नाहीत.

सत्तरीचा एक मुलगा होता, सगळे शिक्षक त्याला ढ म्हणायचे, दोन वर्षं मी पण त्याला शेवटच्या बाकावरचा म्हणूनच ओळखत होते. चतुर्थीच्या सुट्टीआधी आम्ही हॉलमध्ये माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं आणि रानातल्या वस्तू टांगायची चौकट, बांधतो. बाजारातून नारळ, तोरिंग, सुपारीचा घड, चिबूड एवढंच आलं होतं आणि माटोळी अगदी रिकामी दिसत होती. दुसऱ्या दिवशी हा मुलगा बसमधून दोन गोणपाट भरून घेऊन आला. कांगणी, घागऱ्या, कवंडळ, आणखी पंधरा-वीस प्रकार, सगळं आदल्या दिवशी रानात फिरून गोळा केलेलं. स्टुलावर उभा राहून एकेक वस्तू बांधत होता आणि तिचं नाव, ती कुठे उगवते, कशावर औषध म्हणून देतात हे सांगत होता, आणि खाली एरवी त्याच्याशी न बोलणारी पोरं मोबाइलवर टाइप करून घेत होती. कवंडळ दिसायला सुंदर पण खायचं नाही, विषारी, हे त्याने तीनदा सांगितलं, पहिल्या वर्षाच्या मुलीने हातात घेतलं म्हणून. आपण या मुलाला दोन वर्षांत एकदाही त्याला येणारं काही विचारलं नाही, हे मला तेव्हा लागलं आणि अजून लागतं. आता पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांना दोन प्रश्न विचारते, घरी जाणारी शेवटची बस किती वाजता आणि गावात तू काय करतोस किंवा करतेस. ताई, बहिणीला नक्की पाठवा.

पेडणेकरीण:
सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीला सगळं वाचून दाखवलं. बांद्याच्या दादाचं तिने दोनदा वाचायला लावलं, आणि मग म्हणाली की मला अ‍ॅडमिशन घ्यायची आहे, पण मामाच्या मुलाला सांग परत असं बोलायचं नाही. सांगितलं मी. काल सुट्टी होती म्हणून म्हापसा स्टँडवर जाऊन टाइम लिहून आणले, आमच्या गावाला जायला पेडण्याहून शेवटची गाडी पावणेसातला आहे, म्हणजे तिला सव्वापाचपर्यंत थांबता येईल. ती शाळेत फुगडी घालायची, पुढे गायची पण. सकाळी पेडण्याहून त्या बाजूला जाणारं कोणी आहे का इथे? पहिले दोन-चार दिवस सोबत मिळाली तर बरं होईल.

शिवोलीहून:
ताई, माझी मैत्रीण रोज पेडण्याहून सातच्या गाडीने येते, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर असते. मेसेज करा, गाठ घालून देते.