मदत हवी आहे : ‘सॅगी’ या इंग्रजी विशेषणाला मराठी शब्द

अडलेला अनुवादक (लातूर) : ‘सॅगी’ या विशेषणाला नेमका मराठी शब्द तातडीने हवा आहे. शब्दकोशातील ‘लोंबणारा’ आणि ‘सैल’ लावून पाहिले, बसत नाहीत. कृपया पुन्हा तेच सुचवू नयेत. मजकूर उद्या सकाळी द्यायचा आहे.

गोदाकाठ (नांदेड) : विशेषण कशाला लावले आहे, हे कळल्याशिवाय शब्द कसा सुचवावा?

शेतकरी मास्तर : भिजून लिबलिबीत झालेला, असा अर्थ आहे. ताकात फार वेळ राहिलेली भाकरी डोळ्यांपुढे आणावी.

गोदाकाठ : मास्तर, तो ‘सॉगी’. एका स्वराने अर्थ बदलतो.

अडलेला अनुवादक : छपराला लावले आहे. इंग्लंडच्या खेड्यातील जुने घर आहे.

निवृत्त वायरमन (परभणी) : दोन खांबांमधली तार मध्ये जितकी खाली येते, त्या अंतराला आम्ही ‘सॅग’ म्हणतो. उन्हाळ्यात तार तापून लांबते व सॅग वाढतो. थंडीत ती आखडून तुटू नये म्हणून ओढतानाच थोडा सॅग ठेवावा लागतो. दोन्ही टोके धरलेली आणि मधला भाग वजनाने खाली आलेला, तो सॅगी; एकच टोक धरलेले, जशी दुपारच्या उन्हात माना टाकलेली कपाशीची पाने, तो ‘ड्रूपी’. यास्तव ‘झोल आलेले छप्पर’ लिहावे.

गोदाकाठ : हल्लीचा वाचक ‘झोल’ म्हणजे घोटाळा समजेल. ‘झोळ पडलेले’ लिहावे.

निवृत्त वायरमन : तारेचा झोल आम्ही जन्मभर काढला. पोरांनी शब्द बिघडवला म्हणून आम्ही का सोडावा?

माळवदवाला (अंबाजोगाई) : दरवर्षी पावसाळ्यापूर्वी जुन्या मातीवरच नवी पांढरी माती टाकत गेल्याने माळवदाचे ओझे वाढते आणि तुळई वाकते. जुनी माती खरवडून काढावी व मधोमध टेकू द्यावा.

अडलेला अनुवादक : काका, मला घर दुरुस्त करायचे नाही, शिवाय ते छप्पर उतरते आहे, माळवद नव्हे. अडचण अशी की, त्याच परिच्छेदात लेखकाने हेच विशेषण आजीच्या गालांनाही लावले आहे आणि ते मुद्दाम लावले आहे, त्यामुळे दोन्हींकडे चालणारा एकच शब्द हवा.

शेतकरी मास्तर : हे आपण आरंभीच सांगायला हवे होते. गालांना ‘ओघळलेले’ शोभते, परंतु ‘ओघळलेले छप्पर’ म्हटले की ते गळके वाटते.

अडलेला अनुवादक : आणि ‘झोळ पडलेले गाल’ कानाला खटकते.

गोदाकाठ : खटकू द्यावे. गाल पाहताना छप्पर आठवावे, हीच लेखकाची इच्छा दिसते. आपण दोन निरनिराळे शब्द वापरले तर ती खूण पुसली जाईल.

अडलेला अनुवादक : पटले. पुढच्या पानावर तेच विशेषण आजीच्या खाटेलाही आहे, हे लिहायचे राहिले होते. तेथे तर ‘झोळ’ चपखल बसतो. मजकूर पाठवतो.

माळवदवाला : खाट सुंभाची असल्यास पायथ्याकडची दोरी आवळून घ्यावी.