मदत हवी आहे : अमेरिकेतील ९१ टक्के आयकराच्या काळातला प्रत्यक्ष करभार कसा मोजावा?

अमेरिकेतील करांची चर्चा निघाली की एक बाजू हमखास सांगते की राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या काळात आयकराचा सर्वोच्च दर ९१ टक्के होता आणि तरीही भांडवलशाही बुडाली नाही. दुसरी म्हणते की तो दर प्रत्यक्षात जवळपास कोणीच भरत नव्हते. या वादात मला शिरायचे नाही.

मला १९५४ ते १९६३ या काळातील अतिश्रीमंतांचा प्रत्यक्ष करभार काढायचा आहे. ९१ टक्क्यांचा दर दोन लाख डॉलरच्या (एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्यांसाठी चार लाखांच्या) पुढील करपात्र उत्पन्नालाच लागू होता, हे ठाऊक आहे. तिथल्या महसूल खात्याच्या वार्षिक आकडेवारीतून भरलेल्या कराला जाहीर उत्पन्नाने भागून पाहिले. पण तेव्हा दीर्घकालीन भांडवली नफ्याचा निम्माच भाग उत्पन्नात धरला जाई आणि नगरपालिकांच्या रोख्यांवरचे करमुक्त व्याज त्यात येतच नसे. म्हणजे भाजक लहान आणि उत्तर फुगलेले.

राज्यांचे कर आणि सोशल सिक्युरिटीची (सरकारी निवृत्तिवेतन योजनेची) वर्गणी मी वगळली आहे. इंग्रजी साधने चालतील. आजच्या ३७ टक्के सर्वोच्च दराशी न्याय्य तुलना करायची, तर हा भाजक कसा दुरुस्त करावा, आणि तेव्हाचा ५२ टक्के कंपनी कर भागधारकांच्या खाती धरावा की नाही?