पूरबचाव पथकासाठी निधी कुठून मिळेल? मदत हवी आहे

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका पालिकेच्या अग्निशमन दलात आहे. (पालिकेचं नाव मुद्दाम टाळतोय.) मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की खाडीकडे पाणी जात नाही, सखल वस्त्यांत शिरतं. तेव्हा हाताशी दोन रबरी बोटी, त्यातल्या एकीचं इंजिन कायम दुरुस्तीला.

हवं ते असं: दोन बोटी इंजिनासह, लाइफ जॅकेट, थ्रो बॅग (बुडणाऱ्याकडे फेकायची दोरीची पिशवी), हेल्मेट आणि जवानांना वाहत्या पाण्यातल्या बचावाचं प्रशिक्षण. प्रशिक्षण सगळ्यात महत्त्वाचं, पण त्यालाच कोणी पैसे देत नाही!

पालिकेच्या अंदाजपत्रकात बंब आणि शिड्या आधी, आम्ही नंतर. केंद्राची २०२३ ची अग्निशमन आधुनिकीकरण योजना पाहिली, पण तो पैसा राज्यामार्फत येतो, शहराला थेट अर्ज करता येत नाही. जिल्हा नियोजन समितीकडे पत्र दिलंय, उत्तर नाही. एमआयडीसीतल्या एका कंपनीला सीएसआरमधून (कंपन्यांचा सामाजिक कामांसाठीचा निधी) मदत करायची आहे. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआरला चालणाऱ्या कामांच्या यादीत, आपत्ती व्यवस्थापन आहे, तिथे अडचण नाही. मात्र रोख रक्कम पालिकेच्या सर्वसाधारण खात्यात जमा झाली तर ती आमच्यापर्यंत पोचेल याची खात्री कोण देणार? लोकवर्गणी किंवा खाजगी ट्रस्ट काढणं आम्हाला शक्य नाही.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा: कंपनीकडून बोटी वस्तुरूपात घेताना ठराव महासभेचा लागतो की आयुक्तांची मंजुरी पुरते? आणि प्रशिक्षणाचा खर्च त्याच करारात बसवता येतो का?