अ‍ॅलिस कूपरचा ‘हे स्टूपिड’: ‘पॉयझन’च्या यशाची नक्कल, की त्याच्या पुढचे पाऊल?

मंद्रसप्तक

अ‍ॅलिस कूपरविषयी लिहिणारे बहुतेक जण 1973 पाशी येऊन थांबतात, फार तर 1989 मधल्या ‘पॉयझन’ या गाण्याची दखल घेतात आणि त्यानंतर 2 जुलै 1991 रोजी आलेल्या ‘हे स्टूपिड’ या अल्बमला मागच्या यशाची शिळी आवृत्ती ठरवून एका वाक्यात निकालात काढतात. हा निकाल मला अन्यायकारक वाटतो, म्हणून हा धागा काढत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. डेट्रॉइटमध्ये 1948 साली जन्मलेला आणि फीनिक्समध्ये वाढलेला व्हिन्सेंट फर्निअर हा गायक अ‍ॅलिस कूपर नावाच्या बँडमधून पुढे आला आणि पुढे ते नाव त्याचे स्वतःचेच झाले. काजळ फासलेले डोळे, गळ्यात अजगर आणि कार्यक्रमाच्या शेवटी गिलोटिनखाली होणारा शिरच्छेद, यांतून ज्याला शॉक रॉक म्हणतात तो प्रकार त्याने घडवला. 1973 चा ‘बिलियन डॉलर बेबीज’ अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. मग दारूने घात केला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचे त्याचे अल्बम आले तसे विरून गेले. 1983 च्या सुमारास तो व्यसनातून बाहेर पडला, 1986 मध्ये पुन्हा उभा राहिला आणि 1989 मध्ये डेझमंड चाइल्ड या गीतकार-निर्मात्याबरोबर केलेल्या ‘ट्रॅश’ने त्याला घरोघरी पोहोचवले. त्यातले ‘पॉयझन’ अमेरिकेत सातव्या आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले.

अशा यशानंतर कुठलीही कंपनी तोच निर्माता आणि तेच सूत्र मागेल. इथे मात्र निर्माता बदलला. रश आणि क्वीन्सरिच या बँडांबरोबर काम केलेला पीटर कॉलिन्स आला आणि आवाजाला वजन आले. ‘ट्रॅश’मधली बहुतेक गाणी वासनेभोवती फिरतात, ‘हे स्टूपिड’चा पट त्याहून मोठा आहे. शीर्षकगीत तर सरळ तरुण मुलांना उद्देशून आहे. अमली पदार्थांच्या आणि स्वतःला संपवण्याच्या वाटेला जाऊ नका, असे तो त्यांना आपुलकीने दटावून सांगतो.

या गाण्याच्या ध्रुवपदात मागून साथ देणारे दोन आवाज मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. एक ऑझी ऑस्बर्न या हेवी मेटल गायकाचा आणि दुसरा जूडास प्रीस्ट या हेवी मेटल बँडचा गायक रॉब हॅलफर्ड याचा. ऑझीच्या एका गाण्यामुळे आपल्या मुलाने जीव दिला, असा दावा एका कुटुंबाने कॅलिफोर्नियात केला होता. जूडास प्रीस्टच्या गाण्यात जीव द्यायला उद्युक्त करणारा छुपा संदेश दडवला असल्याचा आरोप नेव्हाडातल्या रीनो येथे 1990 मध्ये चालवला गेला आणि हॅलफर्डला स्वतः साक्ष द्यावी लागली. दोन्ही प्रकरणांत न्यायालयांनी कलावंतांना जबाबदार धरले नाही. रीनोच्या निकालाला जेमतेम वर्ष होत असताना हे दोघे ‘जगा’ असे सांगणाऱ्या गाण्यात आवाज मिसळतात, ही घटना त्या काळाच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. हार्ड रॉकने आपल्यावरच्या आरोपाला दिलेले इतके थेट आणि इतके प्रामाणिक उत्तर माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आणि ‘माइट अ‍ॅज वेल बी ऑन मार्स’ ऐकल्यावाचून कुणी या अल्बमवर मत देऊ नये. पावसाने भिजलेले शहर, गच्चीवर उभा असलेला एक माणूस आणि रस्त्यापलीकडच्या बारमध्ये बसलेली त्याची जुनी प्रेयसी, एवढेच त्याचे कथानक. आवाज सुरुवातीला जवळजवळ बोलल्यासारखा येतो, वाद्ये एकेक करून त्याला वेढत जातात आणि सात मिनिटांच्या आसपास चालणारे हे गाणे शेवटी एवढे फुगते, की तो रस्ता खरोखरच ओलांडता न येण्याजोगा वाटू लागतो. हे लिहिताना कूपरसोबत डिक वॅगनर होता, म्हणजे 1975 च्या ‘वेलकम टू माय नाइटमेअर’च्या काळातला त्याचा जुना गिटारवादक आणि सहलेखक. भाव नेमका कुठून आला, ते त्यावरून कळते.

काळा फलक

मंद्रसप्तक यांनी मांडणी मनापासून केली आहे, पण तिच्यातून मूळ आक्षेप सुटला आहे. ‘हे स्टूपिड’ वाईट नाही. तो कुणाचाच नाही, हा माझा आक्षेप आहे. श्रेयनामावलीतली त्या काळच्या गाजलेल्या रॉक वादकांची आणि गायकांची नावे वाचा. स्लॅश, जो सॅट्रियानी, स्टीव्ह वाय, व्हिनी मूर, निकी सिक्स, मिक मार्स, शिवाय ऑझी आणि हॅलफर्ड. लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांसारखी ही नावांची रांग पाहिली, की अल्बम आपल्या बळावर उभा राहील याची खात्री त्याच्या कर्त्यांनाच नव्हती, असे वाटते.

याच्याशेजारी 1970 चे चित्र ठेवा. ग्लेन बक्स्टन, मायकेल ब्रूस, डेनिस डनवे, नील स्मिथ आणि कूपर ही मूळ बँडमधली पाच पोरे मिशिगनमध्ये पाँटिअॅकजवळच्या एका शेतघरात एकत्र राहत होती आणि बॉब एझ्रिन हा तेव्हा अगदी तरुण असलेला निर्माता त्यांच्याकडून दिवसभर तालीम करून घेत होता. ‘आय अ‍ॅम एटीन’ मुळात बराच वेळ चालणारे, पसरट वादन होते. एझ्रिनने ते छाटून छाटून तीन मिनिटांचे केले, आणि त्या छाटणीतून बँडचा स्वतःचा आवाज जन्माला आला. अमेरिकेत ते एकविसाव्या क्रमांकावर गेले. डनवेची बास आणि स्मिथचे ड्रम ऐकताक्षणी ओळखू येतात, कारण त्यांच्यासारखे दुसरे कुणी वाजवत नव्हते. ‘हे स्टूपिड’मधले वादक तांत्रिकदृष्ट्या त्यांच्याहून कितीतरी सरस आहेत आणि तरीही तिथे कूपरचा गळा काढून दुसऱ्या कुणाचा ठेवला तर अर्धी गाणी तशीच चालतील.

निर्माता बदलला हे खरे, पण सूत्र बदलले नाही. ‘माइट अ‍ॅज वेल बी ऑन मार्स’च्या लेखनात वॅगनरबरोबर डेझमंड चाइल्डही आहे आणि ‘डेंजरस टुनाइट’ही त्याच्यासोबतच लिहिलेले आहे. लोकांच्या लक्षात राहिलेले ‘फीड माय फ्रँकेनस्टाइन’ तर झोडिॲक माइंडवार्प या ब्रिटिश बँडकडून आलेले गाणे आहे. या अल्बममध्ये कूपरचे स्वतःचे असे नेमके काय उरते, हा माझा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या श्रोत्यांनीही तो आपल्या परीने विचारला. ‘ट्रॅश’ तिथे विसाव्या क्रमांकावर गेला होता, हा सत्तेचाळिसाव्यावर अडखळला.

रेवा

काळा फलक यांच्या शेवटच्या मुद्द्याला थोडी भर घालते, पण बाजू मात्र दुसरी घेते. या अल्बमला ग्रंजच्या, म्हणजे सिॲटल शहरातून आलेल्या खरखरीत रॉकच्या, लाटेने बुडवले असे सर्रास सांगितले जाते. तारखा तसे सांगत नाहीत. निर्व्हाना या ग्रंज बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम 24 सप्टेंबर 1991 रोजी आला, तोवर ‘हे स्टूपिड’ बाजारात येऊन जवळपास तीन महिने झाले होते. त्याच ऑगस्टमध्ये आलेला मेटॅलिका या मेटल बँडचा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर गेला, म्हणजे जड गिटारला गिऱ्हाईक नव्हते असेही म्हणता येत नाही. श्रोत्यांना आता झगमगाट नको होता, त्यांना कोरडा आणि गंभीर आवाज हवा होता, आणि हा बदल सिॲटलच्या आधीच सुरू झालेला होता.

मात्र क्रमांकावरून गुणवत्ता ठरवायची असेल तर ब्रिटनकडेही पाहावे. तिथे हाच अल्बम चौथ्या क्रमांकापर्यंत गेला, ‘ट्रॅश’पेक्षा दोनच पायऱ्या खाली. एकाच ध्वनिमुद्रणाला दोन देशांनी इतके वेगळे कौल दिले असताना त्यातला एकच पुराव्यादाखल पुढे करणे योग्य नाही.

पाहुण्यांच्या यादीवरच्या आक्षेपाशीही मी सहमत नाही. ‘ट्रॅश’वर जॉन बॉन जोव्ही आणि एरोस्मिथची मंडळी होतीच, तेव्हा कुणी नाक मुरडले नाही. ‘फीड माय फ्रँकेनस्टाइन’मध्ये सॅट्रियानी आणि वाय दोघेही वाजवतात, आणि वाय हा लाँग आयलंडवर किशोरवयात सॅट्रियानीकडेच गिटार शिकलेला आहे. गुरू आणि शिष्य एकाच गाण्यात असूनही कुणी कुणावर कुरघोडी करत नाही, दोघेही गाण्याच्या थट्टेखोर, राक्षसी चालीला धरून राहतात. स्वतःचे संपूर्ण वाद्यसंगीताचे अल्बम गाजवलेल्या दोन वादकांनी दुसऱ्याच्या गाण्यात इतके मापात राहावे, हे त्या गाण्याच्या बांधणीचे यश आहे.

पश्चिमवारा

मला वेगळीच अडचण वाटते. ज्या माणसाने पालकांची झोप उडवून नाव कमावले, त्याने त्रेचाळिसाव्या वर्षी पालकांच्याच सुरात मुलांना समजवावे, हे मनाला पटत नाही. शॉक रॉकचे सामर्थ्य श्रोत्याला अस्वस्थ ठेवण्यात होते. शीर्षकगीताचा हेतू निर्विवाद चांगला आहे, पण इतक्या गुळगुळीत, सगळ्यांनी मिळून गाण्याजोग्या ध्रुवपदातून सांगितलेली गोष्ट अस्वस्थ करत नाही आणि म्हणून आत उतरतही नाही. 1992 च्या ‘वेन्स वर्ल्ड’ या चित्रपटात कूपर हेच ‘फ्रँकेनस्टाइन’ गातो आणि मग रंगमंचामागे बसून मिलवॉकी शहराचा इतिहास सांगतो. प्रसंग उत्तम आहे, पण त्यातला कूपर कुणाला घाबरवणारा उरलेला नाही. तो सगळ्यांचा लाडका काका झाला आहे, आणि या रूपांतराची सुरुवात मला ‘हे स्टूपिड’मध्ये ऐकू येते.

मंद्रसप्तक

पश्चिमवारा यांच्या मुद्द्याला आधी उत्तर देतो, कारण तो सर्वांत खोल आहे. कूपरच्या खेळात नीती बाहेरून कधीच चिकटवलेली नव्हती, ती पहिल्यापासून आत होती. रंगमंचावरचा खलनायक प्रत्येक रात्री दुष्कृत्ये करतो आणि प्रत्येक रात्री त्याला गिलोटिन किंवा फास मिळतो. ‘किलर’ या 1971 च्या अल्बममधल्या ज्या गाण्यावरून सर्वाधिक गदारोळ झाला, त्यात मुलाकडे दुर्लक्ष करणाऱ्या आई-बापांवर बोट ठेवलेले आहे. तेव्हा तो मुलांच्या बाजूने पालकांशी भांडत होता, 1991 मध्ये तो मुलांच्याच बाजूने त्यांच्याशी बोलतो. दारूने मृत्यूच्या दारापर्यंत नेलेल्या माणसाला हा अधिकार नसेल तर तो कुणाला असावा? गुळगुळीतपणाविषयी मी इतकेच म्हणेन की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलापर्यंत पोहोचायचे असेल, तर त्याला तोंडपाठ होईल असेच ध्रुवपद लागते.

रेवा यांच्या तारखा अचूक आहेत. त्यात एवढेच जोडतो की अल्बममधली पुढची गाणी एकेकटी प्रकाशित झाली ती शरद ऋतूत आणि 1992 मध्ये, म्हणजे रेडिओ आणि एमटीव्ही यांची आवड पालटत असतानाच. ‘लव्ह्ज अ लोडेड गन’सारख्या उत्तम बांधलेल्या गाण्याला ब्रिटनमध्येही पहिल्या तिसात जागा मिळाली नाही, त्यामागे हे कारण नक्कीच आहे.

काळा फलक विचारतात की कूपरचे स्वतःचे काय उरते. मी शेवटच्या ‘वाइंड-अप टॉय’कडे बोट दाखवेन. खोलीत कोंडलेला, खेळण्यांमध्ये मन हरवून बसलेला एक जण त्यात बोलतो आणि शेवटाकडे स्टीव्हन हे नाव ऐकू येते. हा स्टीव्हन म्हणजे 1975 च्या ‘वेलकम टू माय नाइटमेअर’मधला, दुःस्वप्नात अडकलेला मुलगा. सोळा वर्षांनी, नव्या कंपनीच्या, नव्या वादकांच्या आणि नव्या निर्मात्याच्या गर्दीत कूपर त्या मुलाला परत आणतो. हे पात्र कुणी पाहुण्याने आणलेले नाही.

काळा फलक

‘वाइंड-अप टॉय’ चांगले आहे, आणि ते चांगले असल्यामुळेच माझी तक्रार अधिक तीव्र होते. बारा गाण्यांच्या अल्बममध्ये कूपरला स्टीव्हनची आठवण बाराव्या गाण्यात का व्हावी? ‘लिटल बाय लिटल’ आणि ‘डर्टी ड्रीम्स’ ही गाणी त्या काळच्या कुठल्याही लांबकेसी बँडने गायली असती तरी फरक पडला नसता, आणि हे वाक्य मी ती दोन्ही गाणी पुन्हा ऐकून लिहितो आहे. 1994 मध्ये ‘द लास्ट टेम्प्टेशन’ आला तेव्हा कूपरने स्टीव्हनला पहिल्यापासून मध्यभागी ठेवले, नील गेमन या लेखकाकडून त्याची चित्रकथा लिहून घेतली आणि साउंडगार्डन या बँडचा गायक क्रिस कॉर्नेल याच्यासोबत गाणी केली. पाहुणे तिथेही होते, पण ते कथेसाठी आले होते. ‘हे स्टूपिड’मध्ये ते मुखपृष्ठावर नावे झळकवणाऱ्या जाहिरातीच्या चिकटपट्टीसाठी आले होते.

रेवा

हॅलफर्ड चिकटपट्टीसाठी आला असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्या उन्हाळ्यात जूडास प्रीस्ट आणि कूपर अमेरिकेत ‘ऑपरेशन रॉक अँड रोल’ या एकाच दौऱ्यावर होते, मोटरहेड हा बँडही त्यांच्यासोबत होता. ती माणसे एकमेकांच्या संगतीत होती, आणि मंद्रसप्तक यांनी सांगितलेल्या खटल्यांचे ओझे हॅलफर्ड आणि ऑझी यांनी स्वतः वाहिले होते. मधल्या दोन-तीन गाण्यांबाबत काळा फलक यांचे म्हणणे मी मान्य करते, ती नसती तर अल्बम अधिक घट्ट झाला असता. पण ज्या ‘द लास्ट टेम्प्टेशन’ची ते स्तुती करतात, त्यातल्या मुलाला मोहापासून सावध करण्याचा सूर कूपरला शीर्षकगीतात सापडला आणि ते पात्र त्याने ‘वाइंड-अप टॉय’मध्ये परत आणले. 1991 चे हे दोन तुकडे वगळून 1994 चा अल्बम कसा उभा राहिला असता, हे त्यांनी सांगावे.